दोन ३०९० ग्राफिक्स कार्डं लावली, एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा) ८५०चा, रेंडर चालू असताना पीसी फट्कन बंद. काय करू?

रामबागवाला
नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय. घरूनच काम करतो, लग्नाचे मंडप आणि फ्लॅटचं इंटिरिअर यांची थ्रीडी रेंडर्स (कॉम्प्युटरवर तयार केलेली चित्रं), सगळं ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये. यंदा अनंत चतुर्दशीच्या झाँकीचं (मिरवणुकीतल्या देखाव्याचं) एक डिझाइन पण अंगावर घेतलंय आणि त्यांना फिरतं ॲनिमेशन हवंय, म्हणून एका आरटीएक्स ३०९०च्या जोडीला दुसरं सेकंडहँड ३०९० घेतलं. एसएमपीएस जुनाच, ८५० वॅट, गोल्डवाला, तीन वर्षं झाली, एका कार्डावर कधी कुरकुर केली नाही.

आता होतं काय, दोन्ही कार्डांवर रेंडर टाकलं की आठ-दहा फ्रेम (ॲनिमेशनची एकेक चित्रं) छान निघतात आणि मग फट्. निळा स्क्रीन नाही, काही नाही, सरळ अंधार, पंखे पण थांबतात. वरचं बटण दाबून काही होत नाही, मागचं एसएमपीएसचं बटण बंद करून परत चालू केलं तरच उठतो. स्टिल इमेज मात्र बऱ्याचदा पूर्ण होते.

आरएनटी मार्गावर एका दुकानात विचारलं तर म्हणाला विंडोज नवीन टाका. दुसरा म्हणाला १६०० वॅटच्या खाली बातच करू नका. आणि शेजारचा मुलगा म्हणतो ३५० आणि ३५० सातशे, दीडशे शिल्लक, म्हणजे एसएमपीएस बरोबर आहे, कार्डच खराब असणार. तिघांपैकी कोणाचं ऐकू?

लष्करकर
तिघांचंही नको 😄
प्रोसेसर कुठला, बोर्ड कुठला, आणि मुख्य म्हणजे कार्डांना केबल कशा लावल्यात ते सांगा. एसएमपीएसपासून किती केबल निघतात आणि प्रत्येकीला किती तोंडं आहेत?

रामबागवाला
रायझन ९ ५९००एक्स, एक्स५७० बोर्ड (कार्डं बसवायचे दोन्ही स्लॉट आठ-आठ लेनवाले), ६४ जीबी रॅम, दोन एसएसडी, एक जुनी हार्डडिस्क, सहा पंखे. कार्डांना प्रत्येकी दोन आठ-पिनी तोंडं लागतात. एसएमपीएसमधून दोन केबल आहेत, प्रत्येकीला शेवटी दोन-दोन तोंडं. म्हणजे एका कार्डाला एक केबल. चूक आहे का?

लष्करकर
चूक म्हणजे, चालतं ते चालतं तोवर.

आधी हिशोब. शेजारचा मुलगा फक्त कार्डं मोजतोय. ३०९०चे ३५० वॅट ही कंपनीची संख्या, दोघांचे ७००. ५९००एक्सवर १०५ लिहिलंय पण तो सॉकेटमधून १४२पर्यंत ओढू शकतो, डब्यावरच्या टीडीपीवर (छापलेल्या वॅटवर) जाऊ नका. बोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून साठ-सत्तर धरा. झाले ९१०. रेंडरला प्रोसेसर फारसा राबत नाही म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी होईल, तरी ८५०च्या टोकाला तुम्ही पोचलातच.

पण बंद पडण्याचं खरं कारण बेरजेत नाहीये. ३०९० क्षणिक उसळ्या मारतं. काही मिलिसेकंदांसाठी एकच कार्ड पाचशे वॅटच्या वर जातं आणि लगेच खाली येतं. आता तुमचं ॲनिमेशन बघा, एक फ्रेम संपली की दोन्ही कार्डं क्षणभर मोकळी होतात, आणि पुढची फ्रेम आली की दोघं एकदम जोर लावतात. दोन उसळ्या एकाच वेळी. एसएमपीएस म्हणतो बास, आणि स्वतःला वाचवायला बंद होतो. म्हणूनच तुमचं स्टिल पूर्ण होतं आणि ॲनिमेशन मरतं. मागचं बटण बंद-चालू केल्याशिवाय उठत नाही हीच त्या संरक्षणाची खूण आहे, ते एकदा लागलं की लागूनच राहतं. विंडोजचा याच्याशी काही संबंध नाही. विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, कर्नल-पॉवर ४१ दिसेल, ती फक्त ‘वीज अचानक गेली’ एवढीच नोंद असते, लोक तिलाच रोग समजून इलाज करत बसतात.

आता केबल. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, आठ-पिनी तोंडातून १५०. तुमचं कार्ड ३५० ओढताना पन्नास स्लॉटमधून घेतलं असं धरलं तर ३०० वॅट एका केबलमधून चाललेत. ३०० भागिले १२, पंचवीस अँपिअर. ते एसएमपीएसच्या बाजूच्या एकाच कनेक्टरच्या तीन पिनांतून, म्हणजे पिनेमागे आठच्या वर. साध्या पिनेची ताकद नऊच्या आसपास. पीसी बंद करून ती केबल एसएमपीएसच्या बाजूने काढा आणि कनेक्टर उजेडात धरून बघा.

पोहा_विथ_सेव
अरे भिया इतका काय विचार करायचा, माझ्याकडे दोन कार्डं ६५०च्या एसएमपीएसवर दोन वर्षं चालू आहेत, लोकल एआय मॉडेल चालवतो, एकदा पण बंद नाही झाला

लष्करकर
कुठली कार्डं?

पोहा_विथ_सेव
३०६० बारा जीबीवाली दोन

लष्करकर
ती १७० वॅटची आहेत राव. तुमची दोन मिळून ह्यांचं एक होतं.

पोहा_विथ_सेव
हां ते तर आहे 😅 मग ठीक आहे, पण माझं म्हणणं एवढंच की दोन कार्डं म्हटलं की लगेच १६०० असं नसतं

जुना_खेळाडू
हे मात्र बरोबर बोलला. आकडा ‘दोन कार्डं’ यावर ठरत नाही, कुठली दोन यावर ठरतो. मी २०१० साली दोन जीटीएक्स ४८० एकत्र लावली होती, तेव्हा २५०-२५० वॅट ऐकून लोक डोक्याला हात लावायचे, आणि आता एकटं ४०९० साडेचारशेचं आहे. त्या काळात एसएलआयचा (गेमसाठी दोन कार्डं एकत्र चालवायच्या सोयीचा) पूल लावायचा, गेम त्याला मानेल न मानेल नशिबावर. २०२१पासून एनव्हिडियाने नवीन प्रोफाइल (त्या सोयीसाठी गेमला लागणाऱ्या सेटिंग) देणंच बंद केलं. ब्लेंडरला तो पूल लागतच नाही, दोन्ही कार्डं आपापला वाटा उचलतात. फक्त मेमरी एकत्र होत नाही, २४ आणि २४ मिळून ४८ होतील असं समजून कोणी घेऊ नका, त्यासाठी ३०९०वर एनव्हीलिंकचा पूल वेगळा लावावा लागतो आणि तो दोन कार्डांमधल्या अंतराला बसणारा मिळाला पाहिजे. रामबागवाले, तुमचा सीन २४मध्ये मावतोय ना? मग सोडा तो विषय.

रामबागवाला
मावतो, १७-१८ जीबी जातो.

लष्करकर, तुम्ही सांगितलंत तसं काल रात्री उघडलं. वरच्या कार्डाची केबल ठीक आहे. खालच्या, म्हणजे नव्या कार्डाच्या केबलला एसएमपीएसच्या बाजूच्या कनेक्टरमध्ये एका कोपऱ्यातल्या दोन घरांचं काळं प्लास्टिक तपकिरी पडलंय, आणि एका घराची कड किंचित फुगून आत वाकलीय, काढताना पण अडकली, हलवून हलवून निघाली. नाकाशी नेलं तर जळक्या बॅकेलाइटसारखा वास. फोटोत नीट दिसत नाही म्हणून टाकला नाही. पिन स्वतः काळी नाही पण चकाकी गेलीय. आणि मला वाटत होतं नवीन कार्ड खराब आहे!

अजून एक, हे आधी सांगायला हवं होतं. उघडताना कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात. चप्पल घातली की येत नाहीत. हे आधीपासूनच आहे, मी लक्ष दिलं नव्हतं. घर आजोबांच्या वेळचं, वायरिंग दोनदा बदललंय.

लष्करकर
ती केबल आता कुठेही लावू नका. एसएमपीएसचं ते भोक पण बघा, तिकडे तपकिरी असेल तर तो सॉकेट पण गेला.

आणि दुसऱ्या कुठल्या एसएमपीएसची केबल ‘बसतेय’ म्हणून लावू नका!! कार्डाच्या बाजूचं तोंड सगळ्यांचं सारखं असतं, एसएमपीएसच्या बाजूचं नाही, तिथे कुठली पिन कशाची हे प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठरवते, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्ये पण फरक असतो. आमच्याकडे ग्वाल्हेरला एकाने साटाची (डिस्कला वीज देणारी) केबल अशीच अदलाबदल केली, पाच व्होल्टच्या जागी बारा गेले, बहिणीच्या लग्नाचे फोटो असलेली डिस्क एका सेकंदात खलास.

अर्थिंगवाले_काका
झिणझिण्यांचं वाचून लिहायला बसलो. बाळ, ते आधी कर, रेंडर नंतर.

एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीकडे दोन छोटे कपॅसिटर असतात, आवाज गाळायला. त्यांचा मधला बिंदू बॉडीला, आणि बॉडी अर्थिंगला. अर्थिंग नीट असेल तर तो किरकोळ करंट जमिनीत जातो, कळतही नाही. अर्थिंग तुटकी असली की बॉडी अर्ध्या व्होल्टेजला, म्हणजे ११०-११५ला तरंगत राहते आणि तो करंट तुझ्यातून जातो. अगदी थोडा असतो, झिणझिण्यांपुरता. पण उद्या आत खरंच काही शॉर्ट झालं तर पत्र्यावर पूर्ण २३० येतील आणि अर्थिंग नसल्यामुळे एमसीबी पडणार नाही.

इलेक्ट्रिशियनला बोलाव. फेज-न्यूट्रल २३०च्या आसपास, फेज-अर्थ पण जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत, असं दिसलं पाहिजे. पण नुसत्या डिजिटल मीटरवर खूश होऊ नको, केसाएवढी तार जरी जोडलेली असली तरी मीटर २३० दाखवतो. लोड देऊन तपासायला सांग, त्याला कळेल. जुन्या घरांत अर्थिंगचा खड्डा मीठ-कोळशाचा असतो, वर्षानुवर्षं कोणी पाणी घालत नाही, आणि मग कोणीतरी त्यावर फरशी घालतो. आमच्या लोकमान्य नगरातल्या घरी तो खड्डा नव्या जिन्याखाली सापडला होता.

एक स्पष्ट सांगतो, तुझा पीसी बंद पडतोय तो अर्थिंगमुळे नाही. ते लष्करकरांनी सांगितलं तेच. ही वेगळी भानगड आहे, पण ही जिवाशी आहे.

आणि प्लग कुठे लावलाय?

रामबागवाला
काका, एक्स्टेंशन बोर्डवर 🙈 त्यावरच मॉनिटर, स्पीकर, राउटर आणि उन्हाळ्यात कूलर.

अर्थिंगवाले_काका
अरे देवा.

पीसी १००० वॅट ओढेल असं धर, २३०ने भाग, साडेचार अँपिअर भरत नाही. म्हणजे साधा सहा अँपिअरचा पॉइंट पुरतो, पण भिंतीतला, चांगला, घट्ट. तुझा तो एक्स्टेंशन नाही, त्याच्या आतली पट्टी पत्र्याच्या डब्याच्या झाकणासारखी असते, सैल झाली की तापते. जमलं तर सोळा अँपिअरचा पॉवर पॉइंट वेगळ्या एमसीबीवर ओढून घे. १६०० वॅटचा एसएमपीएस घेतलास तर त्यातल्या बऱ्याच जणांची वायरच जाड, मोठ्या प्लगची येते, ती साध्या पॉइंटला बसत नाही. कूलर दुसरीकडे.

पोहा_विथ_सेव
काका मोठा एसएमपीएस घेतला तर लाइटबिल वाढेल ना पण?

अर्थिंगवाले_काका
मोठी बादली घेतली म्हणून नळ जास्त वाहतो का? आत जेवढं लागतं तेवढंच ओढणार, वर थोडा तोटा. आतला लोड ९०० आणि कार्यक्षमता ९० टक्के, तर भिंतीतून १०००. त्यावर ८५० लिहिलंय की १६००, यानं बिलाला फारसा फरक नाही. फरक रेंडर किती तास चालतं त्याचा. आठ तास चाललं तर आठ युनिट.

माळव्यातली
मध्येच घुसते, कारण सगळे नवीन एसएमपीएसकडे निघालेत आणि फुकटातला उपाय कोणी सांगितलाच नाही. कार्डांची पॉवर लिमिट उतरवा. मी इथेच इंदूरला ऑफिसात तीन वर्षं ३०९०वर काम करतेय, एकही कार्ड ३५०वर चालवत नाही. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडायचा, एनव्हिडिया-एसएमआय, मग उणे चिन्ह आणि पीएल, मग २८०. संपलं. वेळेत फरक पाच-सात टक्के, कारण शेवटचे सत्तर वॅट नुसते घड्याळ (चिपचा वेग) ताणायला जातात. रीस्टार्ट केलं की हे विसरलं जातं, म्हणून टास्क शेड्युलरमध्ये घालून ठेवा.

फक्त हे सरासरीला लगाम घालतं, उसळीला तितकासा नाही. उसळ्यांसाठी त्याच कमांडने घड्याळाला पण वरची मर्यादा घालता येते, एलजीसी म्हणतात त्याला. मी १६०० मेगाहर्ट्झवर अडकवलंय. दोन्ही मिळून लावलं की कार्ड गाईसारखं शांत होतं.

आणि एसएमपीएसवरचं गोल्ड-प्लॅटिनम बघून भुलू नका, ते फक्त किती वीज वाया जात नाही एवढं सांगतं, आणि ती चाचणी २३ अंशावर होते. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी बाहेर ४२ असतं. ५० अंशाला पूर्ण ताकदीची हमी आहे की ४०ला, हे माहितीपत्रकात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते वाचा.

जुना_खेळाडू
ताई, लिमिट मान्य. पण त्या भरवशावर ८५०वर राहू नये असं माझं मत. ड्रायव्हर अपडेट झाला, शेड्युलर चुकला, की परत ३५०-३५०. लगाम तुटला तरी गाडी खड्ड्यात जाऊ नये एवढी जागा हवी.

माळव्यातली
८५०वर राहा असं मी म्हटलंच नाही. १६००ची गरज नाही असं म्हणतेय. ह्या जोडीला १२००-१३००, चांगल्या कंपनीचा, एटीएक्स ३ लिहिलेला. २०२२च्या त्या नियमांत उसळीचाच विचार केलाय, अगदी सूक्ष्म वेळेसाठी नावावरच्या दुप्पट भार सोसला पाहिजे असं त्यात आहे. आणि आठ-पिनी स्वतंत्र केबल चार निघतात का ते मोजून घ्या. आजकाल नवीन एसएमपीएसमध्ये बारीक सोळा पिनांची एकच केबल देतात आणि आठ-पिनी कमी करतात, दुकानात डबा उघडून मोजा, लाजू नका.

पोहा_विथ_सेव
एक जुगाड सांगू का? जुना ८५० राहू दे, खालच्या कार्डाला दुसरा साडेसहाशेचा स्वतंत्र एसएमपीएस. हिरवी वायर काळीला जोडली की चालू होतो. मायनिंगवाले (कार्डांवर डिजिटल चलन काढणारे) सगळे हेच करायचे

लष्करकर
करायचे, आणि २०२२च्या सप्टेंबरात इथेरियमचं मायनिंग बंद झाल्यावर त्यांचीच कार्डं आपण घेतोय, काही कनेक्टर जळलेली. दोन एसएमपीएस चालतात, नाही असं नाही, पण मग हिरवी-काळी जोडणारी क्लिप नाही, दोघांना एकत्र चालू-बंद करणारं छोटं रिले बोर्ड लावायचं. तरी कार्ड स्लॉटमधून एका एसएमपीएसचं खातं आणि वरून दुसऱ्याचं. एक पडला आणि दुसरा चालू राहिला तर? ग्राहकाचं काम ज्या मशीनवर आहे तिथे मी करणार नाही. घरी प्रयोग करायचा तर करा.

रामबागवाला
सगळ्यांचे आभार. दोन आठवड्यांनी लिहितोय.

अर्थिंग आधी केलं. इलेक्ट्रिशियनने शंभरचा बल्ब फेज आणि अर्थच्या मध्ये लावला तर नुसती तार लाल झाली, उजेड नाही. मग मागच्या अंगणात नवीन रॉड ठोकून घेतला, वरच्या खोलीत पॉवर पॉइंट वेगळ्या एमसीबीवर. आता पत्र्याला अनवाणी हात लावतो, काही नाही. आई म्हणाली गीझरच्या नळाला पण पूर्वी ‘चावायचं’, ते पण थांबलं. ही गोष्ट तिने इतकी वर्षं कोणाला सांगितली नव्हती!

एसएमपीएस १३००चा घेतला. डबा दुकानातच उघडून केबल मोजल्या, दुकानदार बघत राहिला. चार आठ-पिनी, चारही वेगळ्या. भिंतीत मीटर लावून बघितलं, २८० आणि १६०० मेगाहर्ट्झ लावून रेंडरच्या वेळी ७५० ते ७७०. मर्यादा काढली की ९००च्या पुढे. फ्रेम आधी ३ मिनिटं १० सेकंद लागायची, आता ३ मिनिटं २२ सेकंद. काल रात्री नऊला ४०० फ्रेम टाकल्या, आज संध्याकाळी साडेसातला संपल्या. एकदाही बंद नाही.

एकच त्रास, वरचं कार्ड खालच्याची गरम हवा ओढतंय. चिप ठीक आहे, मेमरी १०२-१०४ अंश दाखवते.

माळव्यातली
३०९०ची अर्धी मेमरी पाठीमागच्या बाजूला असते, तिथे हवाच लागत नाही. ११०ला ती स्वतःच वेग कमी करते. वरच्या कार्डाच्या पाठीवर एक १२० मिमीचा पंखा आडवा ठेवा, झिप-टायने बांधला तरी चालेल. दहा अंश उतरलं तर मला सांगा. आणि सेकंडहँड कार्डाचे पॅड (उष्णता वाहून नेणारे) कधीतरी बदला, त्यांनी काय काय सोसलंय देव जाणे.

पोहा_विथ_सेव
जुना ८५० विकणार का? मला तिसरं ३०६० लावायचंय

रामबागवाला
देतो, पण कार्डाची एकच केबल मिळेल. एसएमपीएसच्या बाजूचा जो सॉकेट तपकिरी आहे त्यावर मी लाल चिकटपट्टी लावलीय, तो वापरायचा नाही. आणि आधी तुझ्या तीन कार्डांची बेरीज इथे लिही, मग बोलू.

पोहा_विथ_सेव
५१० आणि प्रोसेसर ७६ आणि बाकी साठ... पण तीन कार्डांना तोंडं तीन लागतील ना, आणि तुमच्याकडे केबल एक. राहू द्या भिया 😄